नोंदी फुकट मिळतात, दुरुस्त कुठे होतात?

जुन्या मराठी पुस्तकाच्या शीर्षकपानावर ‘शके १८४५’ असं छापलेलं असतं. पुस्तक स्कॅन होतं, नोंद भरणारा ‘प्रकाशनवर्ष’ या रकान्यात १८४५ टाकतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. समोर दिसलं तेच त्याने लिहिलं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९), म्हणजे पुस्तक १९२३-२४चं. संगणकाच्या लेखी मात्र ते बाळशास्त्री जांभेकरांच्या हयातीतलं ठरलं. तारखेनुसार यादी लावणाऱ्या अभ्यासकाला ते चुकीच्या शतकात दिसतं आणि १९२०च्या दशकातली पुस्तकं धुंडाळणाऱ्याला दिसतच नाही. शके १८६५ची चूक आणखी महागात पडते. ते पुस्तक १९४३-४४चं. अमेरिकेतल्या नियमाने प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजणाऱ्या यंत्रणेला ते १८६५चं वाटलं, तर हक्क कोणाकडे आहे याची विचारपूस न करताच ती ते सर्वांना खुलं करते.

आता दुसरी नोंद, पत्रकारांच्या संपर्कांच्या एखाद्या फुकट यादीतली. नाव, वृत्तपत्र, ‘शिक्षण’ हे बीट (म्हणजे बातमीदाराकडे सोपवलेला विषय) आणि ईमेल. नोंद कधी केली, ते कुठेच नाही. त्या बातमीदाराने नोकरी सोडली असेल, बीट बदललं असेल, डेस्कवर बदली झाली असेल. प्रसिद्धिपत्रक परत आलं तर निदान कळतं तरी. पुष्कळदा ते परतही येत नाही. कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडून राहतं आणि पाठवणारा माध्यमांच्या नावाने बोटं मोडत बसतो.

फुकट माहितीसाठ्यांचं कौतुक करताना आपण आकडे सांगतो: इतकी लाख पुस्तकं, इतके हजार पत्रकार. हे आकडे मोजणं सोपं असतं म्हणून सांगितले जातात. सार्वजनिक पैशातून किंवा देणग्यांतून उभ्या राहणाऱ्या अशा प्रत्येक साठ्याकडे आपण तीन गोष्टी मागायला हव्यात. नोंद कुठून आली, शेवटची कधी तपासली, आणि चूक सापडली तर ती कुठे दुरुस्त होते. चौथीही मागायला हरकत नाही: सगळा साठा उचलून दुसरीकडे ठेवता आला पाहिजे. हे नसेल तर फुकट मिळालेली नोंद वापरणाऱ्याचा वेळ खाते, आणि वेळ फुकट नसतो.

ही मागणी काही नवी नाही. १८६७चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स ॲक्ट वसाहतीच्या सरकारने छापखान्यांवर नजर ठेवायला केला. हेतूत उदात्त असं काही नव्हतं. तरी त्याच्या १८व्या कलमातला तक्ता आजच्या डिजिटल ग्रंथालयांनी समोर टांगून ठेवावा असा आहे. पुस्तकाचं नाव आणि शीर्षकपानावरचा मजकूर, भाषा, लेखक-अनुवादक-संपादक, विषय, छपाईचं आणि प्रकाशनाचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, प्रसिद्धीची तारीख, पानं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, छापील की शिळाप्रेसवरचं, किंमत, आणि हक्क कोणाकडे व तो राहतो कुठे. ही माहिती दर तिमाहीला राजपत्रात छापून यायची. स्कॅनच्या आजच्या नोंदीत ‘पानं’ या रकान्यात अनेकदा पीडीएफची पानं मोजलेली असतात, त्यात कोरी पानं आणि मलपृष्ठही आलं. प्रतींच्या संख्येचं तर नावच काढू नका.

याच कायद्याने वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापायला लावली. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असते ती प्रिंटलाइन इथून आली. म्हणजे पुस्तकांची सूची आणि माध्यमांचा पत्ता या आज वेगळ्या वाटणाऱ्या दोन गोष्टी दीडशे वर्षं एकाच कायद्याखाली नांदत होत्या. १ मार्च २०२४पासून नवा कायदा लागू झाला. त्यात रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्सचा प्रेस रजिस्ट्रार जनरल झाला, वृत्तपत्रांची नोंदणी ऑनलाइन आली आणि पुस्तकं वगळली गेली. पुस्तकांसाठी उरला १९५४चा प्रती सुपूर्द करण्याचा कायदा. प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची. नाही पाठवली तर पुस्तकाच्या किमतीखेरीज दंड पन्नास रुपयांपर्यंत. एवढ्या दंडाला कोण भिणार?

पुस्तकांच्या बाबतीत काय काय बिघडतं ते जरा जवळून पाहू.

गूगलने २००४मध्ये पुस्तकं स्कॅन करायला घेतली. २००९मध्ये भाषाशास्त्रज्ञ जेफ्री नन्बर्ग यांनी त्या साठ्यातल्या नोंदींचा गोंधळ चव्हाट्यावर मांडला. १८९९नंतर जन्मलेल्या लेखकांची पुस्तकंसुद्धा त्याच सालची म्हणून नोंदलेली होती. गूगलचं उत्तर असं की, बऱ्याच चुका ग्रंथालयांनी आणि इतर पुरवठादारांनी दिलेल्या नोंदींतून आल्या. असतीलही. मग प्रत्येक नोंदीशेजारी पुरवठादाराचं नाव का नव्हतं? ते असतं तर वाचकाला कोणत्या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवता आलं असतं, आणि एका पुरवठादाराच्या सगळ्या चुका एका दमात दुरुस्त झाल्या असत्या.

आपल्याकडची मोठी गोष्ट डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या राज रेड्डी यांच्या दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पाशी जोडलेलं हे काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालं. मूळ संकेतस्थळ बंद पडलं. त्यातली पुष्कळ पुस्तकं आज सापडतात ती इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल ग्रंथालयात कोणीतरी नकलून ठेवल्यामुळे. त्यांच्या ओळखक्रमांकाची सुरुवात ‘इन डॉट एर्नेट डॉट डीएलआय डॉट २०१५’ अशी असते. नावं मात्र विचित्र रोमन लिपीत आहेत. दीर्घ स्वर दुप्पट, ‘ट’साठी टी आणि त्यावर अपॉस्ट्रॉफी, ‘ष’साठी दोनदा एच. ‘महाराष्ट्र’ हा शब्द या पद्धतीने लिहिला की साध्या रोमन स्पेलिंगने शोधणाऱ्याच्या हाती तो लागत नाही, आणि देवनागरीत शोधणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

म्हणून एका पुस्तकासाठी किमान चार वेळा शोधावं. आधी देवनागरीत नाव. मग साध्या रोमनमध्ये. मग दीर्घ स्वर दुप्पट करून. शेवटी नाव सोडून फक्त लेखकाचं आडनाव आणि भाषा हा निकष लावून. पुस्तक सापडलं की लगेच उतरवून घेऊ नका. शीर्षकपान उघडून नोंदीशी ताडून पाहा. पहिली वीस आणि शेवटची दहा पानं चाळा, मधे तीन-चार ठिकाणी छापील पृष्ठांक सलग आहेत का ते बघा. गळलेली पानं सहसा तिथे असतात जिथे फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच) संपतो किंवा चित्रं शिवलेली असतात. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन नोंदी दिसल्या तर वैतागू नका. एका स्कॅनमध्ये नसलेलं पान दुसऱ्यात असू शकतं.

त्यानंतर प्रश्न मजकुरात शोधण्याचा. आर्काइव्हवर पूर्वी जी ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी) प्रणाली होती तिला देवनागरी वाचताच येत नसे. मराठी पुस्तकांच्या नोंदीत ‘या भाषेचा ओसीआर सध्या होत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असायचा, किंवा मग मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. पुढे तिथे टेसरॅक्ट आलं. एचपी कंपनीत १९८०च्या दशकात सुरू झालेलं आणि २००५मध्ये मुक्त झालेलं हे सॉफ्टवेअर देवनागरी वाचतं, पण शिरोरेषा तुटलेली असली की अडखळतं. ‘भ’चा ‘म’, ‘घ’चा ‘ध’, ‘ब’चा ‘व’ होतो. रफार उडतो. फिकट छपाईतला अनुस्वार म्हणजे धूळ, असं समजून तो पुसला जातो. स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचामागे ठिपक्यांच्या) खाली असेल आणि काळ्या-पांढऱ्या दोनच छटांत असेल तर जोडाक्षरांची आशाच सोडावी. पुस्तकात शब्द सापडला नाही याचा अर्थ तो पुस्तकात नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्या शोधनिबंधांकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं लागतं.

ओसीआर बिनचूक झाला तरी एक खड्डा उरतोच, आणि तो आपल्या भाषेचा आहे. १९६२ आणि १९७२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची मराठी अनुस्वारांनी भरलेली आहे: नाहीं, कांहीं, घरांत, त्यांत, जेव्हां. आज ‘काही’ शोधणाऱ्याला जुनं ‘कांहीं’ दिसत नाही. युनिकोडचाही, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचाही, घोळ आहे. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टाइप करता येतं, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, दिसतं सारखंच, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘पुढाऱ्या’तला अर्धा र दोन पद्धतींनी साठवलेला असतो. या जोड्या शोधयंत्राने स्वतःच एक मानायला हव्यात. हे काम काही शेकडो नियमांच्या तक्त्याचं आहे. मराठी पुस्तकांचा साठा उभारणाऱ्या कोणत्याही संस्थेने आणखी दहा हजार पुस्तकं स्कॅन करण्याआधी तो तक्ता बसवावा, जुन्या सगळ्या पुस्तकांना त्याचा एकदम फायदा होईल.

बंद पुस्तकांचाही उपयोग होतो, हे अनेकांना माहीत नसतं. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने २००८मध्ये सुरू झालेल्या हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामायिक डिजिटल साठ्यात हक्काखालचं पुस्तक उघडत नाही, पण त्यात शब्द शोधता येतो. कोणत्या पानावर किती वेळा आला ते कळतं. तेवढ्या पानांची प्रत मग ग्रंथालयाकडून मागवता येते. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अमेरिकेत बसलेल्या वाचकाला उघडणारं पुस्तक दुसऱ्या देशातून बंद दिसू शकतं, कारण हक्काची गणितं देशागणिक बदलतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूवरून मोजायचा, मूळ लेखकाच्या नव्हे. निनावी पुस्तकासाठी प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणजे नोंदीत लेखकाचं मृत्युवर्ष, अनुवादकाचं मृत्युवर्ष आणि खरं प्रकाशनवर्ष ही तिन्ही हवीत. त्यांच्याविना ‘मुक्त’ हा शिक्का म्हणजे अंदाज.

माध्यमसंपर्कांकडे वळू. इथे नोंदी नासण्याचा वेग पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त. पुस्तकाचं वर्ष एकदा दुरुस्त केलं की झालं, बातमीदाराचं बीट मात्र पुढच्या महिन्यात बदलू शकतं. फुकट याद्या साधारण तीन तऱ्हांनी बनतात. पहिली तऱ्हा म्हणजे मोठ्या सशुल्क सेवेचं तोंडओळखीपुरतं दार. चार-पाच नावं दाखवायची आणि पुढे जायला तुमचाच कार्यालयीन ईमेल मागायचा, म्हणजे यादी शोधायला आलेला माणूस स्वतःच कोणाच्या तरी यादीत जातो. दुसरी तऱ्हा संकेतस्थळांवरून यंत्राने गोळा केलेल्या पत्त्यांची. तिसरी गटागटांतून फिरणाऱ्या पीडीएफची, जिच्यात मोबाइल क्रमांक असतात आणि ज्यांचे आहेत त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

यंत्राने जमवलेल्या यादीतल्या ‘व्हेरिफाइड’ या हिरव्या खुणेवर विसंबू नये. नाव-टिंब-आडनाव असा साचा ओळखून पत्ता रचायचा आणि समोरच्या मेल सर्व्हरला ‘हा पत्ता घेतोस का’ असं विचारायचं, एवढीच ती तपासणी असते. काही सर्व्हर कोणत्याही नावाचा ईमेल आधी स्वीकारतात. तिथे रचलेला प्रत्येक पत्ता ‘खरा’ ठरतो. आणि परत आलेल्या ईमेलांचा फटका पाठवणाऱ्याच्या डोमेनला (ईमेलमधल्या @ नंतरच्या नावाला) बसतो. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, म्हणजे ईमेल खरंच त्या डोमेनकडून आल्याची तांत्रिक खूण. दिवसाला ५,०००हून जास्त पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क (या खुणा जुळल्या नाहीत तर ईमेलचं काय करायचं ते सांगणारी सूचना) आणि एका टिचकीत यादीतून नाव काढायची सोय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत गेल्या की ईमेल अडायला लागतात. हजार शिळ्या पत्त्यांवर पाठवलेलं एक पत्रक पुढच्या वर्षभराची पत्रकं बुडवू शकतं.

खरा फुकट स्रोत वृत्तपत्राच्याच अंगावर असतो. छापील अंकाची प्रिंटलाइन. संकेतस्थळाचं ‘संपर्क’ पान, आणि ते किती जुनं आहे हे वेबॅक मशीनवर त्याच पानाच्या आधीच्या प्रती बघून ताडता येतं. प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या नोंदवहीत नाव, भाषा, प्रकाशनाचं ठिकाण आणि मालक कळतो. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार बातम्या देणाऱ्या डिजिटल प्रकाशकाला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो, तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. (त्या पत्त्यावर प्रसिद्धिपत्रकं धाडू नयेत. धाडणारे धाडतात.) मग गेल्या ३० दिवसांतल्या बायलाइन पाहाव्यात: तुमच्या विषयावर त्या नावाने दोन-तीन बातम्या दिसल्या तरच नाव यादीत घ्यावं. आपल्या तक्त्यात दोन रकाने सक्तीचे ठेवावेत, ‘कुठे पाहिलं’ आणि ‘कधी पाहिलं’. तीन महिन्यांहून जुनी ओळ वापरण्याआधी पुन्हा तपासावी. व्यक्तीच्या पत्त्यापेक्षा न्यूजडेस्कचा पत्ता जास्त टिकतो, त्यामुळे दोन्ही असावेत. अशा चाळीस ओळींची यादी चार हजारांच्या उसन्या यादीपेक्षा जास्त बातम्या मिळवून देते, असं आमचं ठाम मत आहे.

सार्वजनिक साठ्याने म्हणूनच माणसांची नावं गोळा करण्याच्या मागे लागू नये. संस्था, त्यांची कार्यालयं, पदं आणि पदांचे ईमेल एवढं खुलं ठेवावं. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेला पत्ता आणि कोणी तिसऱ्याने फोडलेला क्रमांक यांत २०२३चा विदा (डेटा) संरक्षण कायदाही फरक करतो. स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्याने कक्षेबाहेर ठेवली आहे, दुसऱ्याने पसरवलेली नाही.

आता चौथी मागणी, सगळा साठा उचलून नेता येण्याची. पत्रकार आणि माहिती देणारे यांची गाठ घालून देणारी हारो ही फुकट सेवा २००८मध्ये सुरू झाली. २०१०मध्ये विकली गेली, पुढे नव्या मालकाने नाव बदललं, डिसेंबर २०२४मध्ये बंद केली, आणि २०२५मध्ये तिसऱ्याच कंपनीने जुन्या नावाने पुन्हा उभी केली. या सगळ्यात वापरणाऱ्यांच्या हाती काहीही नव्हतं, कारण साठा कोणालाच उचलून नेता येत नव्हता. इंटरनेट आर्काइव्हवर ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती फुटली आणि काही दिवस दारं बंद राहिली. त्याआधीच्या महिन्यात चार प्रकाशकांनी २०२०मध्ये भरलेल्या खटल्यात अपिलाचा निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला होता. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची पुस्तकं वाचली ती आर्काइव्हमुळे, हे मघाशी आलंच. त्या आर्काइव्हची दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न मराठी पुस्तकांपुरता तरी आपण विचारायला हवा. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मुक्त पुस्तकांच्या साठ्याची संपूर्ण सूची उतरवून घेता येते. हाथीट्रस्टच्या नोंदींची फाइल मिळते. विकिपीडियाचं भावंड असलेला विकिडेटा हा माहितीसाठा तर कोणतीही अट न घालता सगळाच्या सगळा देतो. अशक्य असं यात काही नाही.

आक्षेप पैशाचा येतो. तपासायला माणसं लागतात, ती कुठून आणायची? गुटेनबर्गसाठी २०००पासून चालणाऱ्या डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्समध्ये एकेक पान स्वयंसेवक तीन फेऱ्यांत वाचतात, मग मांडणीच्या दोन फेऱ्या होतात. विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयात पानाचा रंगच त्याची अवस्था सांगतो: लाल म्हणजे न तपासलेलं, पिवळं म्हणजे एकाने तपासलेलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या कोणीतरी पुन्हा तपासलेलं. एकच माणूस दोन्ही खुणा करू शकत नाही. ही पद्धत संथ आहे, हे कबूल. स्वयंसेवक थकतात, आवडीची पुस्तकं आधी होतात, अहवाल आणि कोश पडून राहतात. त्यासाठी पैसा हवाच, आणि तो स्कॅनिंगच्याच अंदाजपत्रकातून काढावा. कंत्राट पानांच्या हिशेबाने दिलं की पानं भराभर उलटली जातात. कंत्राटदाराचा त्यात दोष नाही, करारच तसा आहे. पैसे तपासलेल्या पुस्तकामागे द्यावेत. दर शंभरातली कोणतीही पाच पुस्तकं काढून प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडावं, आणि त्यांतल्या एकातही पान गळलं असेल तर सगळी शंभर परत पाठवावीत.

नोंदीच्या अर्जात सध्या ‘वर्ष’ हा एक रकाना असतो, तिथे दोन हवेत: ‘जसं छापलं आहे तसं’ आणि ‘इसवी सन’. पहिल्यात ‘शके १८४५’ ही अक्षरं, दुसऱ्यात १९२३. खाली तपासणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं, तारीख, आणि लॉगिन न मागता उघडणारी ‘चूक कळवा’ची पेटी. कळवलेली चूक स्वीकारली की नाकारली आणि का, ते त्याच नोंदीखाली पुढच्या वाचकाला दिसलं पाहिजे.